आंधळी नळी

दस्तगीरच्या शेडवर पाटी नाही.
होती, ती दोनदा बदलावी लागली,
एकदा अक्षरांच्या मापावरून, एकदा अक्षरांवरूनच.
तिसऱ्यांदा त्यानं तिचा पत्रा कापून
कुणाच्या तरी टेम्पोच्या मडगार्डला लावला.
उद्यमबागेत विचारलं, सायलेन्सरवाला कुठं,
तर ‘ऐकत जावा,’ म्हणतात.

माझी आठशे, केए बावीस, एकोणीस वर्षांची.
मागचा डबा कुजलेला,
तुपाच्या डब्यात खडे घालून कुणी पळत सुटावं तशी.
‘मोठा आवाज पायजे?’ दस्तगीरनं विचारलं.
पोरं त्यासाठीच येतात त्याच्याकडं.
म्हटलं, नको. खाली पायजे.
‘खाली म्हंजे?’
मी छातीवर हात ठेवला. मग जरा खाली, पोटावर.
तो हसला नाही.
बसलिंगला म्हणाला, जॅक आण.

दीड इंची पाइप, आत भोकाभोकांची नळी,
भोवती ग्लासवूल, गादी भरतात तसं ठासून.
पहिल्या दिवशी आवाज उतरला, पण घुमायला लागला.
मच्छ्याच्या पुढं, बरोबर साठच्या स्पीडला,
तोंड मिटून कुणी सारखं ‘हं’ म्हणत बसावं
तसा दाढेत शिरणारा.
‘इन्नू स्वल्प,’ बसलिंग म्हणाला. अजून थोडं.
मी छापखान्यात प्रुफं तपासतो.
माझ्याकडं हा शब्द फक्त विरामापुरता उरलाय,
आणि इथं तो गाडीखाली उताणा पडून
तेरा नंबरचा पाना मागत होता.

मग दस्तगीरनं एक नळी आडवी जोडली,
एक तोंड पाइपाला, दुसरं बंद.
‘ही कुठं जात्या?’
‘कुठंच न्हाई. आंधळी हाय.
आवाज आत जातोय, थटतोय, माघारी येतोय,
आन् मागनं येणाऱ्या आवाजाला
नेमका उलटा भेटतोय. दोघंबी गप.’
मला आमच्याकडची बरीच माणसं आठवली.
लांबी त्यानं टेपनं मोजली नाही.
बोटानं वाजवायचा, कापायचा, परत वाजवायचा.
शेवटी कानशीनं दोन सूत.
बसलिंग म्हणाला, ‘साकु.’

आप्पांचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.
एकतीस वर्षं फाउंड्रीत, फेटलिंगला.
वरचे आवाज एकेक करून गेले:
आधी डास, मग कुकर,
मग दारावरची बेल, मग नात.
कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये, नेलकटरशेजारी.
खालचं तेवढं राहिलंय अजून,
मालगाडी, लेझमीमागचा ढोल, लोड भरलेला ट्रक.
रात्री मी दार उघडलं की दचकून उठायचे,
हात कपाळावर धरून,
भट्टीकडं बघावं तसे माझ्याकडं बघायचे.
मी रोज सॉरी म्हणायचो.
ते कुठं पोचत होतं कोण जाणे.

शनिवारी साडेदहाला अनगोळात वळलो.
काच खाली होती.
इंजिन म्हणजे जणू शेजारच्या खोलीत
कुणीतरी जड माणूस कूस बदलत होता.
निलजकर वहिनी गेटात झाकणं गोळा करत होत्या.
‘कवा आलासा? कळलंबी न्हाई.’

आप्पा पाठमोरे, पंख्याखाली.
दचकले नाहीत. वळलेही नाहीत.
ओतीव तुकडा टोला मारून ऐकताना
असायची ना त्यांची मान, तशी जरा कलती.
‘एक सिलिंडर मागं पडूलाय बग,’ म्हणाले. ‘मधला.’
जेवलास का, वगैरे काही नाही.

सकाळी मधला प्लग काढला.
काळा होता.