बुधवारचा फळा

हा फळा आधी सव्वीस नंबरच्या शाळेचा.
शाळा मिटली, बाकं भंगारात गेली,
फळा मी मागून घेतला.
रंगनाथ शिपायानं तो हातगाडीवर घालून
गंगेवर आणला, वाटेत दोनदा चहा पिऊन.

आता दर बुधवारी सकाळी सातला
पदर खोचून तारीख टाकते,
विषयाच्या जागी लिहिते
काय काय आलंय.

मखमलाबादची कोथिंबीर, हजर.
गिरणाऱ्याचे टोमॅटो, हजर, थोडे दबलेले.
द्राक्षं माघात उगवतात
आणि थेट पहिल्या बाकावर बसतात.
पेठची करवंदं दोन आठवडे येतात, जिभा जांभळ्या करतात,
मग वर्षभर दांडी.
कांदा रोज असतो,
म्हणून त्याचं नाव पुकारायला मी विसरते.

दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं
की बाजार वर सरकतो.
कमरेला लागलं की सुट्टी.

खालच्या कोपऱ्यात, जिथं पूर्वी पटसंख्या असायची,
तिथं कार्यक्रम.
हुरडा, भट्टीजवळ, चटणी आपापली आणावी.
बियाण्यांची अदलाबदल, मूठ द्या मूठ न्या:
निवृत्ती पिंगळे काटेरी वांग्याचं बी आणतात
आणि घेणाऱ्याकडे असं बघतात
जसं स्थळ बघायला आलेत.
डोळे बांधून भाजी ओळखा:
गेल्या साली जिंकला सिलिंडर पोचवणारा इरफान.
आंबट चुका तर त्यानं
नाकाजवळ नेण्याआधीच सांगितला.
बक्षीस म्हणून डांगर दिलं,
खांद्यावर टाकून गेला, सवयीनं.

तर गोष्ट आषाढातली.
सुरगाण्याच्या चांगुणाबाई भोये
पहाटेच्या एसटीनं आल्या, डोक्यावर पाटी,
पाटीत सागाच्या पानांत बांधलेले
कोवळे, वळवळते शेंडे.
नाव विचारलं. त्या म्हणाल्या,
मी ऐकलं, मी लिहिलं:
चहाची भाजी, वीस रुपये जुडी.

सिडकोतले एक गृहस्थ आले.
साखर किती घालायची, विचारलं.
दुसरीनं विचारलं, दुधाची की बिनदुधाची.
चांगुणाबाई प्रत्येकाला हसून मान डोलवत होत्या,
ह्या शहरात लोक असंच बोलत असतील,
असं त्यांना वाटलं असावं.
दहा वाजले. जुड्या होत्या तितक्याच.

मग त्यांची नात उठली, जमना,
आश्रमशाळेत सहावीला,
एक वेणी सुटलेली.
फळ्यासमोर उभी राहून तिनं ओठ हलवत वाचलं,
पुन्हा वाचलं,
आणि अशी हसली की शेजारचा लिंबूवाला
लिंबं मोजायचा थांबला.

बाई, चहाची नाही, *चाईची*.
येल असते. झाडाला धरून वर जाते.

छत्तीस वर्षं मी लाल पेन वापरलं.
ऱ्हस्व, दीर्घ, पाय मोडलेले शब्द,
पोरांच्या वह्यांतून रक्त काढलं म्हणा ना.
त्या दिवशी खडू तिच्या हातात दिला.
तिनं ओढणीनं पुसलं,
अंगठ्याएवढी जीभ बाहेर काढून लिहिलं,
आणि शब्दाशेजारी वेलही काढली
जी दरांवरून चढत
थेट मेथीपर्यंत गेली.

भाव दिसेनासे झाले.
कुणाचं अडलं नाही, लोकांनी विचारून घेतले.

चांगुणाबाईंना वाचता येत नाही.
जाताना फळ्यापाशी थांबल्या,
वेलीवर बोट ठेवलं, म्हणाल्या,
पान वाईच मोठं झालंय.

साडेअकराला पाटी रिकामी.
शेवटची जुडी मी घेतली, वीस रुपये देऊन,
त्यांनी पाच परत केले, मी पुन्हा दिले,
त्यांनी ते लिंबात खर्चले.

रात्री मुगाची डाळ घालून केली.
जराशी कडू लागली.
आधी उकळून पाणी टाकायचं असतं का,
हे विचारायचं राहिलं.
बुधवारी विचारेन,
पाणी कमरेच्या खाली असलं तर.