अर्ज, दोन आणे

ग्वाल्हेर. लष्करच्या अदालतीबाहेर, लिंबाखाली
मी दोन आण्यांत अर्ज लिहितो.
बकुळी आली, पदरात एकच कागद:
तिचंच खरेदीखत.
दुभती म्हैस एक, तांब्याची घंगाळं दोन,
पोर एक, वय अंदाजे सात,
डाव्या भुवईवर वण.

बापाचं नाव?
तिनं भुवईला हात लावला.

रकाना कोरा ठेवून लिहिलं,
अर्जदार स्वतःची आहे, तसा हुकूम व्हावा.

तीन तारखा नुसत्याच गेल्या. चौथीला
मुन्सफ म्हणाले, ही तीच कशावरून?
सरकार, त्यातली म्हैस मेली,
घंगाळं मोडीत गेली.
उरलेली मी.

निकाल नाही अजून.
परवा दोन आणे परत देऊ लागलो
तर पदर आवळून म्हणाली,
राहू द्या.
अर्ज मी विकत घेतलाय.