नदीखालची बाटली

तिबिलिसीत, हॉस्पिटलचं सांडपाणी
जिथं नदीत मिसळतं नेमकं तिथंच
म्झेविनार दोरीला बांधून बाटली सोडते.
पुलावर गळ टाकून बसलेला म्हातारा विचारतो,
काय लागलं आज?
ती म्हणते, अजून माहीत नाही.

सत्तावीस वर्षं हेच उत्तर.

वर, खिडकीजवळच्या खाटेवर
ट्रोम्सोहून आलेला सुतार, टोरगाइर.
गुडघ्याखालची जखम अकरा महिने ओली.
सगळी औषधं हरली तेव्हा आला
घाण पाण्यातला विषाणू मागायला.

काचेच्या ताटलीत जंतूंची गढूळ साय,
आणि सकाळी त्या सायीला पडलेली
टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं.
सात. ती पुन्हा मोजते. सातच.
रात्रभर कुणीतरी जेवलं होतं.

टोरगाइरची जखम भरत आली.
शेजारच्या दारेजानच्या फुप्फुसात
तोच जंतू, तीच कुपी,
आणि काही म्हणजे काहीच नाही.
का, ते कुठल्याच वहीत सापडत नाही.
नवे डॉक्टर म्हणतात, चाचण्या हव्यात, आकडे हवेत.
बरोबरच आहे त्यांचं.
जंतू शिकतात, हे तिला ठाऊक आहे.
विषाणूही शिकतो, यावर तिची भिस्त.

संध्याकाळी दारेजानचा भाऊ जिन्यात उभा.
विचारत काही नाही.
ती पिशवीतली रिकामी बाटली त्याला दाखवते,
दोरी मनगटाला गुंडाळते
आणि कोट न घालताच निघते.

पुलावर म्हातारा अजून बसलेलाच.
तिला पाहून
बादली उचलतो,
थोडा सरकून जागा करतो.