अकरा ते चार

आराखड्यात मी सगळं धरलं होतं:
माळावरच्या दुर्बिणीच्या एकवीस ताटल्या,
रात्री गोळा केलेलं आकाश
दिवसा पाठवायचं, सेकंदाला शंभर गिगाबिट,
नागपूरपर्यंत काचेतून, पुढे समुद्राखालून.
फायरवॉलला वळसा घालून वेगळी वाट ठेवली,
बाजाराच्या दिवशी कापसाच्या गाड्यांना
जिनिंगकडे बाहेरून काढतात तशी.
बफर ऐसपैस;
कारण लांबच्या वाटेवर हजारात एक पाकीट सांडलं
तरी पाठवणारा बिचकतो,
निम्म्यावर येतो,
मग पाऊल चाचपत चालतो.

आणि सांडत होतं.
रोज अकरा ते चार.
मंगळवारी नाही.

दोन आठवडे मी आकडे बदलले, लेसर बदलले,
परदेशातल्या भागीदारांना लिहिलं, 'तापमान असावं'.
तेव्हा लाज वाटली नाही.

सोनेराव टेकाम केबल जोडतो. तो म्हणाला,
"मंगळवारी पार्डीचा बाजार रायते नं, मॅडम."
एवढंच. आणि यंत्र गाडीत टाकलं.

यंत्रानं उजेड सोडला, परतलेला मोजला:
अकरा किलोमीटर, तीनशे चाळीस मीटर.
नाल्यावरचा रपटा.
पुरानं माती नेलेली, काळी नळी हातभर उघडी,
आणि तिला बांधलेली
एक कबरी शेळी.

शेळी पाल्याकडे ओढ घ्यायची, काच वाकायची,
वळणावर उजेड बाहेर गळायचा,
कुणाला न दिसणारा.
शेळी मागे आली की सारं सुरळीत.

पंचफुलाबाई निंबाखालून उठल्या.
"काऊन जी, करंट हाय का त्याच्यात?"
"उजेड हाय," सोनेराव म्हणाला. "वरच्या चांदण्यायचा."
"अन् माह्या शेळीनं थांबोला?"
त्यांनी शेळीकडे जरा नव्यानं पाहिलं.

इथंच का बांधता, मी विचारलं.
त्यांनी पदरातून साधा फोन काढला.
लेक चंद्रपूरले. दुपारी फोन लावते.
अख्ख्या गावात रेंज फक्त या रपट्यावर,
तीही दोन कांड्या.

माझ्या नकाशात पार्डी नव्हतं,
११.३४० होतं.

नव्या अंदाजपत्रकात लोखंडी नळा, सिमेंट, मजुरी,
आणि शेवटच्या ओळीत:
लाकडी खुंटी, नग एक.
लेखा विभागानं खुंटीपुढे प्रश्नचिन्ह काढून
फाईल परत पाठवली आहे.