लिंबूटिंबू

अंबडच्या बंद पडलेल्या कंपनीतून
जवळजवळ किलोच्या भावात आणला कॉम्प्युटर.
एम पुसलेला, पंखा पिठाच्या गिरणीसारखा.
रविवारी त्यात फुकटची सिस्टिम टाकली.
फुकटची म्हणजे, दुर्वाला म्हटलं, पंचवटीतल्या पाणपोईसारखी:
कुणीतरी रांजण भरून गेलेलं असतं.
आपण प्यायचं,
जमलं तर एखादी कळशी ओतायची.

मग बसलो खेळ शोधत.
पहिल्यात बंदूक.
दुसऱ्यात तलवार, आणि ती पुसायचं वेगळं बटण.
तिसऱ्यात नुसतीच गाडी,
पण माणूस उडवला की गुण वाढतात.
हे तर द्वारका सर्कलला रोज बघतो.
सेकंड शिफ्टचे डोळे चुरचुरायला लागले.

रात्री अकराला सापडला:
एक कासव, एक ओढा,
वाहून चाललेली अक्षरं पकडून काठावर ठेवायची.
"यात मरतं कोण?"
"कुणीच नाही."
"मग हरायचं कसं?"
मला सांगता येईना.

खेळ मराठीत होता, म्हणजे निम्मा.
उरलेल्या बटणांखाली लिहिलेलं: शब्द सुचवा.
सगळ्यात सोप्या पातळीला काय म्हणावं?
सुलभ? प्राथमिक?
कासवावरची नजर न काढता ती म्हणाली,
"लिंबूटिंबू."

पाठवला.
दीड महिन्यानं बटणावर तोच उमटला, ऱ्हस्वदीर्घासकट.

आता कुठल्या तरी गावात
कुणाचं तरी धाकटं
ते बटण दाबत असेल,
आणि ओढ्यातून 'ळ' निसटला
तरी त्याच्यावर राज्य येत नसेल.