दीड कान

शनिवारी साडेआठला मगदूम डॉक्टरीणबाईंची स्कूटर
उद्यमनगरच्या आमच्या शाळेत शिरते.
पायाशी तांबडी.
उजवा कान सगळा, डावा अर्धा.
"तांबडी हाय, मग पांढरी कुठंय?"
दर शनिवारी कुणीतरी विचारतंच,
आणि दर शनिवारी सगळी नव्यानं हसतात.

फुटक्या पेटीशेजारी सतरंजी अंथरलेली.
एका पोराला दहा मिनिटं.
पोर, पुस्तक आणि ती.
मी दाराशी, हजेरीपटाचं निमित्त काढून.

मुबीन शिकलगार, चौथी ब.
वर्गात उभा केला की
पहिल्या जोडाक्षराला त्याची गाडी अडते,
चढाला उसाची ट्रॉली अडावी तशी,
आणि मागची पोरं तोंडानं हॉर्न वाजवतात.
मग मी,
"रफार! डोक्यावर रफार आहे, दिसत नाही?"
शब्दाखाली पट्टीनं टकटक, टकटक.
चौदा वर्षं टकटकले.
वाटायचं, यालाच शिकवणं म्हणतात.

पहिल्या शनिवारी त्यानं तांबडीला नुसती चित्रं दाखवली.
"ही शेळी. हे करडू. तुला म्हायती असंल."
दुसऱ्या शनिवारी एक ओळ.
ओळीत सूर्य आला.
तो थांबला.
माझी जीभ टाळूला लागलीच, सवयीनं.
तांबडीनं पाय चाटला, स्वतःचाच.
तिला पुढची ओळ ठाऊक नव्हती,
तास कधी संपतो तेही नाही.
"सू... सूर..."
बाहेर कुठल्याशा फौंड्रीत काहीतरी धाडकन पडलं,
तिचा दीड कान हलला, परत खाली आला.
"सूर्य," तो म्हणाला.
मग वाकून, समजावत:
"म्हंजे ऊन गं."

मी डी.एड.ला पुण्यात होते.
पहिल्याच दिवशी दारातून म्हणाले,
"मॅडम, मी आलो."
आमच्या गल्लीत बायका अशाच येतात, जातात.
आई "जातो गं" म्हणत कामाला बाहेर पडायची
आणि बाईच असायची.
वर्ग हसला.
मॅडमनी दुरुस्त केलं, प्रेमानंच केलं.
पुढं दोन वर्षं मी आले, गेले, बसले,
आणि जमेल तिथं बोललेच नाही.

पाचव्या की सहाव्या शनिवारी
तांबडी झोपली, पुस्तकावर नाक टेकून.
मी खूण केली: झालं, ऊठ.
तो कुजबुजला, "थांबलो तर जाग येईल तिला."
"कशावरनं?"
"अब्बाचं धारेचं चाक थांबलं की मला येती."
आणि वाचत राहिला, हळू, एका सुरात,
तिच्या नाकाखालनं पान अलगद ओढून घेत,
रफार, रकार, ष्ट, क्ष,
सगळ्यांवरनं चाक फिरवत,
कारण कुणीतरी झोपलं होतं
आणि ते त्याच्यावर सोपवलेलं होतं.

म्हणून सोमवारी वर्गात त्याला उभं केलं.
म्हणजे विचारलं, वाचतोस का?
तिसऱ्या ओळीत "वैशिष्ट्य".
तो अडला.
बाकाशेजारच्या फरशीकडं बघितलं त्यानं.
फरशी रिकामी.
मागं कुणाचंतरी तोंड हॉर्नसाठी उघडलं, मी नुसतं बघितलं,
ते मिटलं.
पट्टी ड्रॉवरमध्ये होती. हात टेबलावर.
पंखा तेवढा बोलत होता.
एवढा वेळ गप्प राहायला
मला किती कष्ट पडतात,
हे तांबडीला सांगून कळणार नाही.

"वैशिष्ट," तो म्हणाला
आणि पुढच्या शब्दाला लागला.
शेवटचा य मागं राहिला.
राहू दे. उद्या उचलू.

घंटा झाली. वह्या गोळा करून मी दाराशी गेले
आणि तोंडातनं गेलं,
"चला, येतो मी."
कुणी हसलं नाही.
इथं कोण हसणार?