काट्यावर न्हाई

लक्ष्मीपुरीत माझं काटे दुरुस्तीचं दुकान.
सोनाराचा काटा, भंगाराचा काटा, गुळाचा काटा,
सगळे आधी शून्यावर आणतो,
मग स्वतः चढतो मोठ्या प्लॅटफॉर्मवर.
एकशे चार किलो तीनशे.
काट्यावर संशय घ्यायची सोय नाही, मीच लावलाय.

पोरगीनं राजारामपुरीत नाव घातलं.
‘लिहा आणि हलके व्हा’, आठ रविवार, फी दोन हजार.
इरावती मॅडम, अंगानं काडी, म्हणाल्या,
आत साठलेलंच कमरेवर बसतं,
भूक कागदावर उतरवा, ताटात यायची नाही.
मी हात वर केला. मॅडम, किती ग्रॅम?
सगळे हसले.
मी खरंच विचारलं होतं.

भूक लिहायला बसलो तर पांढरा रस्साच आला,
खसखस, नारळाचं दूध, वर तरंगणारा दालचिनीचा एक तुकडा.
दुसऱ्या पानावर तांबडा.
तिसऱ्या पानाला चपला पायात होत्या.
गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात,
दोन ग्लास प्यालो,
ते पण लिहिलं, गृहपाठ म्हणून.

एकदा सोनाराच्या काट्यावर वही ठेवली, पेन ठेवलं.
आठ पानं लिहिली, परत ठेवलं.
वही जेवढी वाढली
पेन तेवढंच उतरलं. हिशेब चोख.
या व्यवहारात मी कुठंच नव्हतो.

पाचव्या रविवारी विषय होता ओझं.
बहुतेकांनी सासू लिहिली.
मी लिहिलं,
लोखंडी मापाच्या पोटात शिसं असतं, त्यावर सरकारी शिक्का.
एका किराणावाल्याच्या सांगण्यावरून अण्णांनी
किलोच्या मापातलं शिसं खरवडलं, लाईट गेलेली,
कंदील मी धरला होता. वय अकरा.
पंधरा ग्रॅम.
दर किलोमागं तेवढी साखर कुणाच्या तरी डब्यात पोचायची नाही.
त्या रात्री अण्णांनी जिलबी आणली.
मी पोट फुटंस्तोवर खाल्ली.

मॅडमनी डोळे पुसले. म्हणाल्या, उतरलं ना?
सकाळी चढलो. दोनशे ग्रॅम कमी.
पाणी असतंय ते. दोन तांबे प्यालो,
आलं परत जाग्यावर.

शेवटच्या रविवारी प्रमाणपत्र दिलं, लॅमिनेट केलेलं,
अठ्ठावीस ग्रॅम.
पोरगी विचारती, काय फरक?
काट्यावर न्हाई, म्हटलं.

ते माप पुढं किराणावाल्यानं भिऊन परत दिलं होतं.
माळ्यावरच होतं, रद्दीखाली.
काल काढलं, पुसलं, ठेवलं.
नऊशे पंच्याऐंशी.
तेहतीस वर्षांनी, नऊशे पंच्याऐंशीच.
वहीत आकडा टिपला, तारीख घातली,
शटर ओढलं
आणि रंकाळ्याला चालत एक चक्कर मारली.
येताना भेळेच्या गाडीपाशी थांबलो का,
ते लिहिणार नाही.